दिवस मोजून मिळणारं कार्ड

आज आम्ही तुम्हाला दूरच्या आयर्लंड देशातल्या एका आरोग्य कार्डाविषयी सांगणार आहोत. कार्ड कुणाला मिळतं, कुणाचं राहतं, ही चर्चा आपल्या गटाच्या बैठकीतही निघतेच.

तिथे लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना लोकलाजेपायी 'आई-बाळ गृहात' पाठवत. कित्येकींची बाळं पुढे दत्तक दिली गेली. मॅग्डालेन लाँड्री नावाच्या संस्था वेगळ्या. त्या नन चालवत. तिथे बायकांनी बिनपगारी कपडे धुवायचे, आणि बाहेर पडायची मोकळीक नाही. शेवटची लाँड्री १९९६ साली बंद झाली, म्हणजे ही काही आजी-पणजीच्या काळातली गोष्ट नव्हे.

२०१३ मध्ये पंतप्रधानांनी लाँड्रीतल्या बायकांची संसदेत माफी मागितली. २०१५ च्या कायद्याने त्यांना कार्ड मिळालं. डॉक्टर, औषधं, घरी येणारी नर्स, दात, डोळे, कान, पायांचे उपचार, समुपदेशन, हे सगळं बिनपैशाने. वर्षानुवर्षं उभ्याने कपडे धुतलेल्या बाईला पायांच्या उपचाराचं मोल वेगळं सांगायला नको. पण न्यायमूर्ती क्वर्क यांनी शिफारस केली होती ती याहून मोठ्या कार्डाची. सरकारी रक्तातून कावीळ झालेल्यांना जे कार्ड मिळतं, त्याच्या तोडीचं. हातात आलं ते त्याहून उणं, असं या बायकांच्या बाजूने लढणारे आजही सांगतात.

आई-बाळ गृहांसाठी २०२३ मध्ये कायदा झाला आणि मार्च २०२४ पासून अर्ज सुरू झाले. यातली एक गोष्ट आम्हाला फार पटली. तुमच्यावर काय अत्याचार झाला, हे सिद्ध करावं लागत नाही. तिथे राहिल्याचं पुरे. नोंदी सरकारच शोधतं, आणि नोंद अपुरी असेल तर प्रतिज्ञापत्र चालतं.

पण कार्डासाठी १८० दिवसांची अट आहे. एक रात्र राहिलेल्या आईलाही पैसे मिळतात, कार्ड मात्र सहा महिने काढलेल्यांनाच. पाचव्या महिन्यात दत्तक दिलेल्या बाळाला तर दोन्ही नाही. आईपासून तुटलेल्या लेकराचं दुःख दिवसांवर कसं मोजायचं? सरकारने मोजलं खरं. परदेशात गेलेल्या पात्र लोकांना कार्डाऐवजी एकरकमी ३,००० युरो घेता येतात.

या बाहेर राहिलेल्यांनाही एक हक्क मात्र आहे. २०२२ च्या कायद्याने दत्तक गेलेल्यांना आपला जन्मदाखला आणि जन्माच्या वेळच्या नोंदी मागता येतात. "घरात कुणाला साखर, हृदयविकार?" असं डॉक्टर विचारतात, तेव्हा ही माणसं जन्मभर गप्प बसत. आता कुणी साठीत पहिल्यांदा त्याचं उत्तर देतं, कागदात असेल तेवढं.