अंदाज चुकला, अल्बम आवडला!

लाहोर-कराचीच्या रॉक बँड्सची गाणी आपण गुणगुणली, पण हिंदी सिनेमाची समजून. त्या गाण्यांमागचे उर्दू अल्बम्स मात्र आपल्यापैकी बऱ्याच जणांचे राहूनच गेले. एका फॅनने उघडलेलं हे सीडींचं कपाट!

परवा लंच टाइममध्ये आमच्या टीममधल्या नव्या पोराने बॉम्ब टाकला. वय वर्षं तेवीस. मला 'अहो-जाहो' करतो, त्यामुळे आधीच माझा त्याच्यावर राग. म्हणाला, 'फवाद खान म्हणजे तो 'खूबसूरत'मधला हीरो ना? तो गातो पण?'

मी पोळीचा घास तसाच ठेवला. 'गातो पण' काय? अरे बाबा, तो अख्ख्या उपखंडाचा चॉकलेट हीरो झाला ते नंतर. त्याच्या कितीतरी आधी तो लाहोरच्या एंटिटी पॅराडाइम, म्हणजेच ईपी या बँडमध्ये गळ्याच्या शिरा ताणून गात होता. २००३ मध्ये त्यांचा 'इर्तिका' आला. पक्का रॉक, आणि तोही कन्सेप्ट अल्बम! पोराने मोबाइल काढून सर्च केलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. 'सही आहे हे,' म्हणाला. मनात म्हटलं, चला, आजचा दिवस कारणी लागला.

खरं सांगू, त्याची चूक नाही. आपल्याकडे ही गाणी आली ती एकेकटी, सिनेमाचं बोट धरून. अल्बम मागेच राहिला.

एक गाणं, दोन अल्बम

'आदत'चंच घ्या. २००५ च्या 'कलयुग'मुळे हे गाणं आपल्या कॉलेज कट्ट्यांवर पोहोचलं. प्रेमभंग झालेला असो वा नसो, प्रत्येक जण तेच गायचा. पण मूळचं ते लाहोरच्या 'जल' बँडचं. गोहर मुमताज आणि आतिफ अस्लम एकत्र होते तेव्हाचं. पुढे दोघांचं फाटलं आणि २००४ मध्ये मजाच झाली. आतिफने 'जल परी' काढला, त्यात 'आदत'. जलने नवा गायक फरहान सईदला घेऊन अल्बम काढला, त्याचं नावच 'आदत'! एकाच गाण्यावर दोघांचा हक्क. दोन्ही अल्बम एकापाठोपाठ एक ऐकले की ब्रेकअपच्या दोन्ही बाजू कळतात. सिनेमात फक्त एकच बाजू आली.

असंच 'कॉल' या बँडचं. 'लारी छूटी' हे त्यांचं पंजाबी गाणं २००७ च्या 'एक चालीस की लास्ट लोकल'मध्ये आलं. लारी छूटी म्हणजे गाडी सुटली! मुंबईच्या शेवटच्या लोकलवरच्या सिनेमाला याहून फिट गाणं कुठून मिळणार होतं? पण त्यांचा २००५ चा उर्दू अल्बम 'जिलावतन' किती जणांनी ऐकला? मी ऐकला, तोही रूममेटमुळे.

डिक्शनरी ऑन टू लेग्ज

२००४ साली पुण्यात हॉस्टेलवर माझी रूममेट होती मालेगावची. घरी उर्दू, कॉलेजमध्ये इंग्रजी, मेसवाल्या काकूंशी अस्सल मराठी. तिच्याकडे सीडींचं एक काळं पाऊच होतं आणि आमच्या दोघींत एकच इअरफोन. डावा कान तिचा, उजवा माझा. माझं उर्दूचं शिक्षण झालं ते असं, अल्बमच्या नावांवरून.

जुनून बँडचा २००१ चा अल्बम, 'अंदाज'. मला वाटलं, हवामानाचा असतो तसा. 'अंदाज अपना अपना' दहा वेळा पाहूनही माझी ही अवस्था! ती हसून हसून कॉटवरून पडायची बाकी होती. 'अगं, अंदाज म्हणजे ढंग, स्टाइल. तुमच्या मराठीने त्याला हिशेबाला बसवलंय.' स्ट्रिंग्ज बँडचा २००३ चा 'धानी'. म्हटलं, राजधानीतला? तर नाही. धानी म्हणजे भाताच्या कोवळ्या रोपाचा हिरवा रंग. 'इर्तिका' म्हणजे उत्क्रांती. 'जिलावतन' म्हणजे देशातून हद्दपार झालेला. आणि आरोह बँडचा २००३ चा 'सवाल'? 'तो तर तुला कळतोच की,' ती म्हणाली.

एकाच वेळी इतके बँड कुठून उगवले, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. २००२ च्या सुमारास पाकिस्तानात खासगी चॅनल्सना दार उघडलं आणि म्युझिक चॅनल्स आली. त्यांना दिवसभर दाखवायला व्हिडिओ हवे होते, आणि कॉलेजच्या पोरांकडे गाणी तयार होती. त्याच वर्षी 'पेप्सी बॅटल ऑफ द बँड्स' झाली. आरोह पहिले, ईपी दुसरे. पुढच्याच वर्षी दोघांचेही अल्बम बाजारात. लाहोरच्या नूरी बँडचा 'सुनो के मैं हूं जवान'ही २००३ चाच. अली नूर आणि अली हमझा या दोन भावांचा हा बँड. भाषा एकदम कट्ट्यावरची, जड शब्दांचा अजिबात त्रास नाही. उर्दू म्हणजे फक्त गझल आणि झुंबरं, हा माझा समज तिथेच ढासळला.

डॉक्टरच्या हातात गिटार

पण या सगळ्यांचे थोरले भाऊ दोन. एक व्हायटल साइन्स. 'दिल दिल पाकिस्तान' हे १९८७ चं गाणं आणि १९८९ चा पहिला अल्बम. त्यांचा गायक जुनैद जमशेद पुढे संगीत सोडून धर्मप्रचाराकडे वळला आणि २०१६ च्या विमान अपघातात गेला. त्यांचाच रोहेल हयात. २००८ मध्ये 'कोक स्टुडिओ पाकिस्तान' सुरू केला, तो त्याने.

दुसरा जुनून. गिटारिस्ट सलमान अहमद शिकलेला डॉक्टर. गायक अली अझमत, आणि बासवर ब्रायन ओ'कॉनेल नावाचा चक्क अमेरिकन. सूफी काव्याला रॉक गिटार लावायचा फंडा यांचा. १९९७ च्या 'आझादी'मधलं 'सयोनी' १९९८ मध्ये भारतात धो-धो वाजलं, बँड दौराही करून गेला. त्याच वर्षी मे महिन्यात दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या. जुनून त्याविरुद्ध बोलले. परिणाम? त्यांच्याच देशात सरकारी टीव्ही आणि रेडिओवर त्यांना बंदी. पुढचा अल्बम 'परवाझ', म्हणजे उड्डाण, त्यांनी १९९९ मध्ये काढला. तो रेकॉर्ड झाला लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत, जिथे बीटल्स गायले.

रूममेट म्हणायची, 'गाण्यावर बंदी आली की समजायचं, कुणीतरी ते नीट ऐकलंय.'

आजीलाही कळेल असं रॉक

माझा सगळ्यात लाडका बँड मात्र लाहोरचाच, मिकाल हसन बँड. गाणी बरीचशी पंजाबी सूफी कवींची, आणि त्यांच्या तीन अल्बम्सची नावं वाचा: 'संपूरन' २००४, 'सप्तक' २००९, 'आंदोलन' २०१४. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिलेल्या माझ्या आजीला एकाही नावाचा अर्थ विचारावा लागला नाही. आंदोलन म्हटल्यावर मला मोर्चा आठवला, तिला दरबारी कानड्याचा गंधार. शिवाय 'आंदोलन'मध्ये गायला आपल्याकडची शर्मिष्ठा चॅटर्जी होती.

कराचीच्या फ्यूजन बँडचा २००२ चा 'सागर' पण असाच. गायक शफकत अमानत अली पतियाळा घराण्याचा. त्यातलं 'खमाज' ऐका, गाण्याला रागाचंच नाव. २००६ मध्ये 'कभी अलविदा ना कहना'तलं 'मितवा' आलं तेव्हा सगळे विचारत होते, कोण हा? आम्ही दोघी मात्र ओळख असल्यासारख्या मिरवत होतो.

एका रात्रीत गुल

नंतर नोकरी, शिफ्ट्स, ईएमआय. सीडी माळ्यावर गेल्या, गाणी अॅपमध्ये आली. २००३ मध्ये ईपीत गिटार वाजवणारा झुल्फी २०२२ मध्ये 'पसूरी'चा प्रोड्यूसर झाला, आणि अली सेठी-शे गिलचं ते गाणं ऑफिसच्या पार्टीत सीईओसुद्धा नाचला. 'बयान' बँडचा २०१८ चा 'सुनो' मी घरी जातानाच्या ट्रॅफिकमध्ये तोंडपाठ केला.

मग आला मे २०२५. पहलगामला पर्यटकांची हत्या झाली होती, मन सुन्न होतं. ८ मे रोजी केंद्र सरकारने स्ट्रीमिंग प्लॅटफॉर्म्सना पाकिस्तानी गाणी, वेबसिरीज, पॉडकास्ट बंद करायला सांगितलं. काही दिवसांनी प्लेलिस्ट उघडली तर एकेक नाव करडं पडलेलं. त्या आठवड्यात गाण्यांचं दुःख करणंही चुकीचं वाटत होतं. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांच्यापुढे माझी प्लेलिस्ट ती काय! तरी वीस वर्षांची सोबत एका रात्रीत गुल झाली, हेही खोटं नव्हतं.

रूममेटला फोन केला. तिला म्हटलं, 'तुझी गाणी गेली गं.' ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, 'माझी कुठली? त्यांची गाणी गेली. माझी उर्दू मालेगावची आहे, ती इथेच आहे.' मला एकदम चपराक बसली. इअरफोन शेअर करताना मीही तिला नकळत सीमेपलीकडे नेऊन बसवलं होतं! या भाषेला व्हिसा लागत नाही. मोहम्मद मुनीम या काश्मिरी गायकाचा 'अलिफ' हा बँड तर आमच्या पुण्यातच सुरू झाला, आणि तो काश्मिरीबरोबर उर्दूतही गातो.

त्या रविवारी मी माळ्यावर चढले. काळं पाऊच सापडलं. हॉस्टेल सोडताना ती माझ्याकडे विसरली होती, की मुद्दाम ठेवून गेली होती, कोण जाणे. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही, म्हणून बाबांचा जुना प्लेअर पुसून काढला. 'धानी' लावला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, शफल न करता. मधली जी गाणी मी कायम पुढे ढकलायचे, तीच या वेळी जास्त भावली. अल्बम म्हणजे काय, ते त्या दिवशी पुन्हा कळलं. सिनेमा आपल्याला एका गाण्याची ओळख करून देतो. अल्बम अख्ख्या माणसाशी भेट घालून देतो, त्याच्या बोअर करणाऱ्या भागासकट.

टीममधल्या त्या पोराला मी 'इर्तिका'ची सीडी दिली आहे. उसनी हं, भेट नाही. एका अटीवर: आधी 'अगं' म्हणायचं, मग ऐकायचं.

माळ्यावर चढाल तर हे पाच शोधा

जुनून: आझादी (१९९७). सूफी रॉकची बाराखडी.
फ्यूजन: सागर (२००२). आई-बाबांसोबत ऐकता येईल असा.
स्ट्रिंग्ज: धानी (२००३). लाँग ड्राइव्हसाठी. २०२१ मध्ये त्यांनी बँडला अलविदा केला.
ईपी: इर्तिका (२००३). अप्रायझल वाईट गेलं असेल त्या दिवशी.
मिकाल हसन बँड: संपूरन (२००४). आजी घरी असेल तर व्हॉल्यूम वाढवा!