ज्वालारोधक रसायने आणि उंदरांची प्रजननक्षमता

फर्निचरचा फोम सहजी पेटू नये म्हणून, विशेषतः अमेरिकेत, त्यात पॉलिब्रोमिनेटेड डायफिनाइल ईथर या गटातील रसायने मिसळली जात. फोमशी त्यांचा रासायनिक बंध नसतो. त्यामुळे ती घरातील धुळीत उतरतात व शरीरातील मेदात साठतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात गाभण उंदरिणींना गर्भधारणेच्या सहाव्या दिवशी बीडीई-९९ या रसायनाची एकच मात्रा देण्यात आली: दर किलो वजनामागे ६० किंवा ३०० मायक्रोग्रॅम. त्यांची नर पिल्ले प्रौढ झाल्यावर दोन्ही गटांत शुक्राणूंची संख्या घटलेली आढळली.

येथे चाचणीपद्धतीचा प्रश्न उपस्थित होतो. उंदरात शुक्राणू गरजेपेक्षा कितीतरी अधिक निर्माण होतात. त्यांत मोठी घट होऊनही त्याला पिल्ले होतात. केवळ पिल्ले मोजणारी चाचणी म्हणूनच अशा रसायनास निर्दोष ठरवू शकते. मानवात एवढा राखीव साठा नसतो, ही बाब आपल्या प्राणिशास्त्राच्या पाठ्यक्रमात क्वचितच अधोरेखित होते. या गटातील पेंटा मिश्रणाचे मुख्य घटक २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत आले. भारताच्या मंत्रिमंडळाने त्यास २०२० मध्ये मंजुरी दिली.