शेवटची फेरी नेमकी कोणती?

१९७०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई आयआयटीतून बाहेर पडलेले नंदन निलेकणी पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये नोकरी मागायला गेले. मुलाखत घेतली नारायण मूर्तींनी. निलेकणींना नोकरी मिळाली आणि १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू झाली तेव्हा सात संस्थापकांत हे दोघेही होते. भांडवल होतं सुधा मूर्तींनी साठवलेल्या पैशांतले दहा हजार रुपये. टेबलाच्या दोन बाजूंना बसलेल्या दोन माणसांच्या बोलण्यातून पुढे एवढं घडलं. याच कंपनीत नव्या मुलांची निवड कशी बदलत गेली, हे पाहिलं की एक गोष्ट ठळक दिसते. उमेदवाराची कसोटी हळूहळू मुलाखतीच्या खोलीबाहेर पडली आणि पुढे पुढे सरकत राहिली.

१९९३ मध्ये इन्फोसिस शेअर बाजारात आली. कामं वाढली आणि माणसं हजारांनी लागू लागली. एवढे संगणक अभियंते महाविद्यालयांतून मिळणं शक्यच नव्हतं. मग कंपनीने निकष बदलला. शाखा मेकॅनिकल असो वा सिव्हिल, नवं शिकण्याची कुवत आहे का, एवढंच पाहायचं. त्यामुळे लेखी परीक्षेत संगणकाच्या भाषेऐवजी कोडी आणि इंग्रजी. शकुंतलादेवी आणि जॉर्ज समर्स यांची कोड्यांची पुस्तकं त्या काळात इन्फोसिसच्या तयारीचा अभ्यासक्रमच होऊन बसली. हॉस्टेलवर त्यांच्या झेरॉक्स प्रती फिरत.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘कॅम्पस’चा दिवस म्हणजे वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस. दहावी, बारावी, डिग्री, सगळीकडे साठ टक्के हवेत, ही मोठी भरती करणाऱ्या कंपन्यांची नेहमीची अट. एटीकेटी राहिलेल्यांची वाट तिथेच संपायची. पूल कॅम्पस, म्हणजे अनेक महाविद्यालयांची एकत्र भरती असेल तर आसपासच्या गावांतली मुलं पहाटेच्या एसटीने येत. उसना टाय, इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. सकाळी ॲप्टिट्यूडची लेखी परीक्षा, दुपारी यादी, मग एचआरची मुलाखत. ‘स्वतःबद्दल सांगा’ आणि ‘राज्याबाहेर जायची तयारी आहे का’ हे प्रश्न ठरलेलेच. संध्याकाळी नाव पुकारलं गेलं की घरी फोन, पेढे आणि इन्फोसिस असेल तर पुढे ट्रेनिंगसाठी म्हैसूर. तिथल्या भल्यामोठ्या आवारातले फोटो नातेवाइकांपर्यंत पोचत.

पण खरी चाळणी म्हैसूरलाच होती. प्रशिक्षणाच्या परीक्षा पास झालं तरच नोकरी टिके. चांगल्या दिवसांत त्याची फारशी चर्चा झाली नाही.

दरम्यान परीक्षेचं रूप बदललं. २०१९ मध्ये इन्फोसिसने ‘इन्फीटीक्यू’ हा ऑनलाइन मंच आणला. विद्यार्थ्याने शिकता शिकताच प्रमाणपत्र मिळवायचं आणि त्या जोरावर मुलाखतीपर्यंत पोचायचं. कोविडकाळात मुलाखतही लॅपटॉपवर आली. उसन्या टायची गरज उरली, ती कॅमेऱ्यापुरती.

कोविडनंतर मागणी उसळली. २०२१-२२ या आर्थिक वर्षात कंपनीने ८५ हजार फ्रेशर घेतले. पाठोपाठ लाट ओसरली. २०२३-२४ मध्ये हा आकडा ११,९०० वर आला. मधल्या मध्ये अडकली ती २०२२ ची बॅच. ऑफर लेटर हातात, पण जॉइनिंगची तारीख नाही. मुलं मेल पाठवत राहिली, उत्तरात वाट पाहायला सांगितलं जाई. पगार वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास, तोही कागदावरच. काहींना या काळात पुन्हा प्रशिक्षण आणि पुन्हा परीक्षा द्याव्या लागल्या.

हे दुखणं एका कंपनीचं नव्हतं. २०१६ मध्ये एल ॲंड टी इन्फोटेकने दीडेक हजार उमेदवारांच्या ऑफर दीर्घ प्रतीक्षेनंतर मागे घेतल्या होत्या. २०२३ च्या सुरुवातीला विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या फ्रेशरना साडेतीन लाखांवर येता का, असं विचारलं.

इन्फोसिसच्या रखडलेल्या मुलांचा प्रश्न पुण्याच्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेने २०२४ मध्ये थेट केंद्रीय कामगार मंत्रालयात नेला. दोन हजार जण अडकल्याचा तिचा दावा होता. दिलेली प्रत्येक ऑफर पाळली जाईल, फक्त तारखा बदलल्या आहेत, असं मुख्य कार्यकारी अधिकारी सलील पारेख यांनी सांगितलं. ऑक्टोबरमध्ये अखेर बरीच मुलं म्हैसूरला पोचली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्यातल्याच अनेकांना निरोप मिळाला. अंतर्गत परीक्षेत तीन संधींनंतरही उत्तीर्ण न झालेल्या तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना कंपनीने कमी केलं. ‘नाइट्स’च्या मते ही संख्या सातशेच्या घरात होती. ही पद्धत वीसहून अधिक वर्षं चालू आहे आणि करारात लिहिलेली आहे, असं कंपनीचं म्हणणं. परीक्षा आधीपेक्षा अवघड केली आणि तयारीला वेळ अपुरा दिला, असं मुलांचं. कर्नाटकच्या कामगार खात्याचे अधिकारी आवारात चौकशीला येऊन गेले.

एप्रिलमध्ये आणखी काही जण गळले. या वेळी पत्रात एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम होती, दुसरीकडे नोकरी शोधायला मदत होती, बाहेरच्या संस्थांमधल्या प्रशिक्षणाचा खर्च होता. शिवाय म्हैसूरहून बेंगळुरूपर्यंत गाडीची सोय आणि तिथून आपापल्या गावी जायला प्रवासभत्ता.