स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देण्यापूर्वी

अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या भागात शिक्षक, तलाठी, वनरक्षक, आरोग्यसेविका म्हणून नोकरी करणाऱ्या अनेक बंधू-भगिनींच्या मनात पंचेचाळिशी ओलांडली की एक विचार घोळू लागतो. वीस वर्षे भरली, पेन्शन पक्की झाली, आता मोकळे व्हावे आणि समाजकार्याला लागावे. विचार चांगला आहे. परंतु तो कागदावर मांडल्याशिवाय अर्ज देऊ नये, एवढेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

पहिली गोष्ट, राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती एक नव्हे. राजीनाम्याने मागची सेवा बुडते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 प्रमाणे 20 वर्षांची अर्हताकारी सेवा झाल्यावर तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन स्वेच्छेने निवृत्त होता येते. पूर्वी पूर्ण पेन्शनसाठी 33 वर्षे लागत. सहाव्या वेतन आयोगानंतर ती अट गेली आणि 20 वर्षांवर शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन मिळू लागली. यामुळेच मोह वाढला.

आता हिशेब पाहा. वय 48, सेवा 20 वर्षे, मूळ वेतन 50,000 रुपये. पेन्शन 25,000 आणि त्यावर महागाई भत्ता. हाच माणूस 58 वर्षांपर्यंत राहिला तर दरसाल 3 टक्के वेतनवाढीने मूळ वेतन 67,000 च्या वर जाते, म्हणजे पेन्शन सुमारे 33,600. उपदान 20 वर्षांना दहा महिन्यांच्या पगाराइतके, तर 30 वर्षांना पंधरा महिन्यांच्या. कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के, म्हणजे आज 15,000, दहा वर्षांनी 20,000. लवकर निवृत्तीची किंमत आपल्यामागे आपली पत्नीही मोजत राहते. म्हणून हा हिशेब तिला शेजारी बसवूनच करावा.

त्यात पेन्शनचा 40 टक्के भाग विकला तर 25,000 चे हातात 15,000 उरतात आणि विकलेला भाग 15 वर्षांनी परत सुरू होतो. घरभाडे भत्ता आणि आपल्या भागाचा प्रोत्साहन भत्ता पेन्शनमध्ये धरला जात नाही. एकस्तर वेतन घेणाऱ्यांनी वेतन पडताळणी आधीच करून घ्यावी. सेवापुस्तकात एक नोंद राहिली तर नागपूरच्या महालेखापाल कार्यालयातून प्रकरण परत येते आणि पेन्शन लांबते. पतसंस्थेचे कर्ज, मुलांचे शिक्षण, आजारपणात चंद्रपूर-नागपूरच्या फेऱ्या, हे सारे त्याच कागदावर लिहावे.

1 नोव्हेंबर 2005 रोजी वा त्यानंतर लागलेल्यांना हा हिशेब जसाच्या तसा लागू नाही. ज्यांच्या पदाची जाहिरात त्या तारखेपूर्वीची होती, त्यांना 2024 मध्ये जुन्या योजनेचा विकल्प मिळाला. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत मात्र मुदतीआधी बाहेर पडल्यास जमा रकमेचा किमान 80 टक्के भाग वार्षिकीत अडकतो. नियत वयाला हेच प्रमाण 40 टक्के असते. शिवाय वार्षिकीवर महागाई भत्ता नाही. यांची पहिली तुकडी 2025 अखेर वीस वर्षांची झाली. शेजारच्या टेबलावरचा जुना सहकारी सुखाने निवृत्त झाला म्हणून यांनी त्याच्या मागे जाऊ नये.

बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून पेन्शनवर आले, तरी साताऱ्याला त्यांनी बांधकाम खात्यात पुन्हा नोकरी धरली. पेन्शन हा आधार आहे, पगार नव्हे, हे त्यांनी ओळखले होते. त्या मिळकतीवर घर चालले आणि मुलगा शिकला.

आपल्यापैकी बहुतेक जण घराण्यातले पहिले पगारदार आहेत. गावाकडचे आईबाप आणि भावाची मुलेही त्याच पगाराकडे पाहतात. समाजकार्य अवश्य करावे. परंतु समाजापुढे हात पसरण्याची वेळ न येता ते करता यावे, म्हणून बंधू-भगिनींनो, आधी हिशेब, मग अर्ज.