जुना डाग, नवी गाठ

1810 साली पॅरिसच्या गास्पार बेल यांनी 900 शवविच्छेदनांच्या आधारे क्षयाचे सहा प्रकार सांगितले. त्यांतला एक होता 'कर्करोगी क्षय'. सहा वर्षांनी बेल स्वतःच क्षयाने गेले. पुढे व्हिएन्नाच्या रोकिटान्स्कींनी उलटच मांडलं, की क्षय आणि कर्करोग हे दोन आजार एका देहात सहसा एकत्र नांदत नाहीत. त्यांचा दबदबा एवढा, की हे मत बरीच वर्षं टिकलं.

1939 मध्ये जर्मनीत फ्रीडरिश यांनी फुप्फुसाच्या कडेला, जुन्या व्रणांपाशी वाढलेल्या गाठींचं वर्णन केलं आणि 'व्रणजन्य कर्करोग' ही कल्पना रुजली. 1950 नंतर सारं लक्ष सिगारेटकडे गेलं, ते योग्यच होतं. पण 1980च्या सुमारास जपान आणि अमेरिकेतल्या अभ्यासकांनी या कल्पनेचा पायाच हलवला. गाठींमधला व्रण बऱ्याचदा ताजा असतो. गाठ आधी येते, व्रण नंतर. व्रणजन्य कर्करोग हे निदान मागे पडलं. माझ्या मते चूक इथे झाली: निदानाबरोबर, जुन्या क्षयामुळे कर्करोग होतो का, हा मूळ प्रश्नही बाजूला पडला.

तो पुन्हा वर आणला लोकसंख्येच्या अभ्यासांनी. 2009 मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. क्षय होऊन गेलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 1.7 पट दिसला, आणि कधीही धूम्रपान न केलेल्यांतही तो वाढलेलाच होता. म्हणजे सगळा दोष विडीवर ढकलता येत नाही. त्याच वर्षी दीर्घकाळ क्षय झालेल्या उंदरांच्या फुप्फुसांत कर्करोग उद्भवल्याचं प्रयोगात दिसलं. वर्षानुवर्षं धुमसणारा दाह पेशींच्या डीएनएला इजा करतो, पेशी पुन्हा पुन्हा विभागतात आणि त्यात चुका साठत जातात, असा त्याचा अर्थ लावला जातो.

जगातला साधारण दर चौथा क्षयरुग्ण भारतात आहे, म्हणून हा वाद आपल्यासाठी पुस्तकी नाही. टीबी होऊन गेलेल्या माणसाला पुन्हा खोकला सुरू होतो, एक्स-रेत डाग दिसतो आणि थुंकीत जंतू सापडले नसतानाही टीबीच्या गोळ्या पुन्हा सुरू होतात. खरं तर ती कर्करोगाची गाठ असेल, तर गोळ्यांचे ते महिने तिला वाढायला मिळतात. कोर्स संपला की बऱ्याचदा पाठपुरावाही संपतो, हे मला फार खटकतं. बऱ्या झालेल्या टीबीचा डाग वर्षानुवर्षं तसाच राहतो. तो वाढला किंवा थुंकीत रक्त आलं, तर सीटी स्कॅन आणि गरज पडल्यास बायोप्सी हवी. डाग वाढला की नाही, हे जुन्या एक्स-रेशी ताडूनच कळतं. उपचार संपताना काढलेली ती फिल्म रुग्णाच्या घरी असायलाच हवी.