महाबळेश्वर–पोलादपूर रस्ता

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी, महाबळेश्वरला जाणारा रस्ता आपणां सर्वांच्या पायाखालचा आहे. महाबळेश्वरची बाजारपेठ पाहून बहुतेक मंडळी मागे फिरतात. रस्ता मात्र तेथे थांबत नाही. तो आंबेनळी घाटाने पश्चिमेस उतरतो, प्रतापगडाच्या पायथ्याशी वाडा कुंभरोशीवरून जातो आणि पोलादपूरला मुंबई–गोवा महामार्गास मिळतो. अंतर अवघे चाळीस किलोमीटरांच्या आसपास, पण तेवढ्यात माणूस साडेचार हजार फुटांवरून कोकणच्या सखल भागात येतो. या तुकड्याविषयीच मी बोलणार आहे.

हा घाट फार जुना नव्हे. जुनी वाट पार घाटाची. कोकणचे मीठ आणि देशावरचे धान्य बैलांच्या पाठीवरून त्या वाटेने जात-येत असे. १६५९ साली अफझलखानाची छावणी पडली ती याच पार गावी. तेथला कोयनेवरचा दगडी पूल शिवकालीन समजला जातो. १८२९ साली इंग्रजांनी साताऱ्याच्या छत्रपतींकडून महाबळेश्वर घेतले व मोबदल्यात खंडाळा दिले. (आपल्या वाईजवळचे खंडाळा, बोरघाटातले नव्हे.) मग मुंबईचे साहेब बाणकोटच्या खाडीतून महाडकडे येत आणि भोयांच्या खांद्यावरून वर चढत. आंबेनळीचा गाडीरस्ता पुढे १८७० नंतरच्या दशकात झाला. त्याला गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचे नाव दिले. लोकांनी आंबेनळीच म्हटले.

रस्ता एकदा बांधला म्हणजे झाला, असा आपला समज असतो. घाटात तसे नसते. घाटरस्त्याचा खरा वैरी पाणी. डोंगराच्या अंगाला गटार असते. त्यातले पाणी ठिकठिकाणी मोरीतून रस्त्याखालून दरीत सोडलेले असते. गटार पालापाचोळ्याने आणि मुरमाने बुजले, की पाणी डांबरावरून आडवे धावते आणि दरीकडची कड आतून पोखरते. वरून रस्ता शाबूत दिसतो, खाली भराव गेलेला असतो. म्हणून पूर्वी ठराविक लांबी एकेका मैलकुलीच्या ताब्यात असे. टिकाव, खोरे आणि घमेले घेऊन मृगापूर्वी तो आपल्या हद्दीतली प्रत्येक मोरी मोकळी करी.

माझा या लोकांशी संबंध युनियनच्या कामामुळे आला. १९६७ सालच्या तडजोडीने, जिला कामगार कालेलकर करार म्हणतात, बांधकाम खात्यातल्या रोजंदारी माणसाला सलग पाच वर्षे सेवा झाल्यावर रूपांतरित आस्थापनेवर घेण्याची तरतूद झाली. सगळी मेख 'सलग' या शब्दात. एका ठिकाणी पाचवे वर्ष भरत आले की हजेरीपटात नेमका खंड पडे. माणूस मात्र त्या दिवसांतही मोरीतच उभा असे. तसले हजेरीपट मी रात्र-रात्र बसून ताडून पाहिले आहेत. माझे गणित तेथेच सुधारले, शाळेत नव्हे. काही प्रकरणे जिंकलो, काहींत माणूस निवृत्तीच्या वयाला पोचला तरी निकाल आला नव्हता. पुढे जागा रिकाम्या झाल्या तशा त्या भरल्या गेल्या नाहीत. काम ठेकेदारांकडे गेले. ठेकेदाराचा माणूस कामचुकार असतो असे मी म्हणत नाही. पण आज या घाटात, उद्या दुसरीकडे, अशा माणसाला कोणती मोरी कधी तुंबते हे कळणार कसे?

जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व सुतारवाडी येथे दरडींखाली माणसे गेली, आणि आंबेनळीचा रस्ता जागोजाग वाहून जाऊन वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. इतक्या पावसापुढे खोरे-घमेले पुरले असते, असा दावा मी करणार नाही. मात्र एका म्हाताऱ्या मैलकुलीने मला पूर्वी सांगितले होते: मोरीतून पाणी स्वच्छ येते तोवर भिऊ नये, गढूळ झाले की वरचा डोंगर पाहावा, आणि भर पावसात पाणी यायचेच थांबले की गाड्या अडवाव्यात. गाड्या अडवण्याचा अधिकार त्याला नव्हता. तरी तो रस्त्यात दगड मांडून उभा राही.