पावातला वाटा

गेल्या मे महिन्यात सुरगाण्याला जाण्याचा योग आला. नाशिकहून दिंडोरी, वणी करत एस.टी. घाट चढू लागली, की मैदानातल्या द्राक्षबागा मागे पडतात आणि साग, पळस, मोह सुरू होतात. १९४८ पर्यंत हे एक छोटं संस्थान होतं. आज तो नाशिक जिल्ह्याचा गुजरातला टेकलेला आदिवासी तालुका आहे. पावसाळ्यात इथं धो धो पाऊस पडतो, आणि ते पाणी नार-पार या नद्यांनी पश्चिमेकडे निघून जातं. उन्हाळ्यात मात्र बायका हंडे घेऊन झऱ्यावर रांगा लावतात. या मुलखात मी काही वर्षं शिक्षिकेची नोकरी केली. निमित्त होतं जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचं.

मेळावा म्हटला की जेवण आलं. भात, उडदाची डाळ आणि बोकडाचं मटण हे ठरलेलंच होतं. पण माझा एक विद्यार्थी हट्टाला पेटला होता. तो एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात दहा वर्षं काम करतो. त्याचं म्हणणं असं, "बाई, मी रोज परक्यांसाठी खिमा आणि चीज भरलेल्या ब्रेडस्टिक करतो. माझ्या आईनं ती कधी तोंडात घातलेली नाही. या वेळी आधी तीच करणार, मग जेवण."

वाचकांपैकी कित्येकांनी ही ब्रेडस्टिक शहरातल्या पिझ्झाच्या दुकानात पाहिली असेल. तिचं मूळ घराणं इटलीतल्या तुरीन शहराचं. तिथली ग्रिसिनी म्हणजे पेन्सिलीएवढी बारीक, कडकडीत पावाची काडी. सतराव्या शतकात पोटानं नाजूक असलेल्या एका राजपुत्रासाठी ती प्रथम केली, अशी दंतकथा सांगतात. पुढे ती अमेरिकेत गेली, जाड आणि मऊ झाली, आणि तिच्या पोटात चीज, मांस असं काय काय शिरलं.

आता सुरगाण्यात असा भरलेला पदार्थ का नाही, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला. उत्तर धान्यात आहे. इथलं मुख्य धान्य नागली. गव्हात ग्लुटेन नावाचं चिवट प्रथिन तयार होतं, त्यामुळे कणीक ताणली तरी तुटत नाही आणि सारण पोटात धरून ठेवते. नागलीत ते नाही. तिची भाकरी थापावी लागते. ती ताणली की चिरते. म्हणून इथं पीठ काही लपेटत नाही, पीठच पानात लपेटतात. पळसाच्या पानांत थापून निखाऱ्यावर भाजलेला पानगा ज्यानं खाल्ला असेल, त्याला त्या करपलेल्या पानाचा वास जन्मभर विसरता येणार नाही. कालवण मात्र नेहमी बाहेर, उघड्यावर.

असो. तयारी आदल्या रात्रीच सुरू झाली. दीड किलो खिमा, अर्धा किलो कांदा, आलं-लसूण, हिरवी मिरची, थोडा गरम मसाला. खिमा पाणी पार आटेपर्यंत परतायचा आणि पूर्ण थंड करायचा, यावर पठ्ठ्याचा कटाक्ष. "ओला खिमा म्हणजे आतून वाफ, आणि वाफ म्हणजे फुटलेला पाव," हे त्याचं सूत्र. सकाळी दोन किलो मैदा, वीस ग्रॅम कोरडं यीस्ट, थोडी साखर, मीठ, तेल आणि सव्वा लिटरच्या आतबाहेर पाणी. शहरात पीठ फुगायला दीड तास लागतो. इथल्या मे महिन्यात पाऊण तासात ते पातेल्याच्या काठाला आलं. यीस्ट हा जिवंत जीव आहे, त्याला उष्मा मानवतो. गोव्यातले पोदेर पूर्वी याच कामासाठी माडाची सूर वापरत.

मग त्यानं पिशवीतून एक छोटा वजनकाटा काढला. पिठाचा गोळा पन्नास ग्रॅमचा, खिमा पंचवीस, चीज दहा. गोळा लांबट लाटायचा, मधोमध खिम्याची ओळ, तिच्यावर चीजची पट्टी, दोन्ही कडा पाण्याचं बोट लावून चिमटायच्या आणि जोड खाली ठेवायचा. चीज कडेला लागलं की जोड सुटतो. चौसष्ट झाल्या. गावातल्या एका लहानशा बेकरीवाल्यानं दुपारचे पाव काढल्यावर लाकडाची भट्टी मोकळी करून दिली. उष्णता मापायला तिथं काही नव्हतं. बेकरीवाल्यानं भट्टीत चिमूटभर मैदा टाकला, तो हळूहळू तांबूस झाला, आणि म्हणाला, "घाला आता." पंधरा मिनिटांत पत्रे बाहेर आले. चार फुटल्या होत्या. त्या अर्थातच कारागिरांच्या वाट्याला गेल्या!

इथवर सगळं सुरळीत झालं. खरी परीक्षा पुढेच होती.

परात मांडवात आली तेव्हा पोरांच्या उड्या पडल्या, पण म्हातारी माणसं हलली नाहीत. दुधाच्या पदार्थात मटण कसं, ही एक शंका. पण त्याच्या आईची शंका वेगळी होती. तिनं ब्रेडस्टिक हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि आपल्या कोकणी बोलीत काही विचारलं. त्याचा अर्थ असा, की यात कुणाला किती आलंय, ते कुणी पाहिलं?

मी चमकले. कारण हा प्रश्न साधा नव्हता. या भागात मी डोंगऱ्या देवाचे उत्सव पाहिले आहेत, गावजेवणं जेवले आहे. बोकड कापला की पानांवर वाटे पडतात. कारभाऱ्याचा वाटा मोठा आणि विधवेचा लहान, असं चालत नाही. हाड, चरबी, काळीज सगळं प्रत्येक वाट्यात थोडं थोडं. आणि हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतं, हे महत्त्वाचं. मांस वर्षातून मोजक्या वेळा मिळणार असेल, तर ते किती आहे यापेक्षा सगळ्यांना सारखं आहे की नाही, यावर गावाची शांतता टिकते. पोटातला पदार्थ मात्र झाकलेला. तिथं करणाऱ्याच्या हातावर भरवसा ठेवूनच खायचं.

शहरात आपण हा भरवसा नकळत रोज ठेवतो. सामोसा, पॅटीस, पिझ्झा कुणी केला, आत किती घातलं, आपण विचारत नाही. पैसे दिलेले असतात. पण याच तालुक्यातली माणसं हंगामात द्राक्षबागांत मजुरीला जातात. मापात किती धरलं आणि किती कापलं, हे न दिसणारे हिशेब त्यांनी पुष्कळ सोसले आहेत. त्या बाईचा प्रश्न तिच्या मुलावरच्या अविश्वासाचा नव्हता. तो आयुष्यभराच्या अनुभवाचा होता.

पोरगा गोरामोरा झाला. "आई, मी काट्यावर मोजलंय," तो म्हणाला. पण काटा तर बेकरीत राहिला होता, आणि मोजताना मांडवातलं कुणीच तिथं नव्हतं.

तेवढ्यात दुसरी अडचण उभी राहिली. ब्रेडस्टिक उरल्या होत्या साठ आणि माणसं झाली होती शंभराच्या वर. पाड्यापाड्यांवरून बायका-पोरं आली होती. या भागात आमंत्रण एकट्याला नसतं. त्यानं क्षणभर विचार केला. मग परात मांडवाच्या मधोमध ठेवली, उकिडवा बसला, आणि एकेक ब्रेडस्टिक उचलून सगळ्यांसमोर मधोमध मोडू लागला.

गंमत म्हणजे हा आकारच त्याच्या मदतीला आला. करंजी मोडली तर कधी एका अर्ध्यात सारण जास्त, दुसऱ्यात नुसती पारी. पण काडीत सारण लांबीनं पसरलेलं असतं. कुठंही मोडा, दोन्ही तोंडांना तेवढाच खिमा, आणि मधे चीजची लोंबणारी तार. ती तार पाहून पोरं खिदळली. म्हातारे पुढे सरकले. पाच-सहा मोडून झाल्यावर आईनं हात पुढे केला आणि स्वतःच मोडून वाटायला बसली.

चव कशी होती म्हणता? चीज काहींना खारट वाटलं, एका आजोबांनी ते बोटानं काढून नातवाला दिलं. खिमा मात्र सगळ्यांना आवडला. त्याच्या आईनं सर्वांत शेवटी आपला अर्धा खाल्ला. बराच वेळ चावून झाल्यावर तिनं मुलाला एवढंच विचारलं, "नागलीची नाही का होत?"

तो म्हणाला, "नाही होत. फुटते."

"थोडा गहू घालून बघ," ती म्हणाली आणि भाताच्या पातेल्याकडे वळली.